घड्याळाचे घड्याळ

(वजने तपासण्यासाठी सरकारकडे प्रमाण वजने असतात. मग घड्याळ कशावरून तपासायचे? आकाशातील उपग्रहांचा संकेत घेऊन घड्याळाची चाल कशी पारखतात आणि त्यासाठी धीर का धरावा लागतो, हे या पाठात सांगितले आहे.)

पिशोर हे कन्नड तालुक्यातील एक गाव आहे. अशा गावाच्या बाजारात गेलात, तर दुकानदाराच्या तराजूजवळचे लोखंडी वजन उलटून पाहा. त्याच्या खाली शिशाचा एक ठिपका दिसेल. त्या ठिपक्यावर सरकारी शिक्का असतो. वैधमापन खात्याचे निरीक्षक ठरावीक मुदतीने दुकानांतील वजने तपासतात आणि ती बरोबर असली, तर शिक्का मारतात. निरीक्षकांजवळची वजने त्यांच्याहून अचूक वजनांवरून तपासलेली असतात. ती वजने आणखी अचूक वजनांवरून तपासलेली असतात. ही साखळी शेवटी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोचते. म्हणून गिऱ्हाइकाला किलोभर डाळ किलोभरच मिळते.

आता मनगटावरच्या घड्याळाचा विचार करा. ते बरोबर आहे, हे कशावरून ठरवायचे? आपण दुसऱ्याचे घड्याळ पाहतो. पण ते तरी बरोबर आहे कशावरून? एकच वजन स्वतःला तोलू शकत नाही. तसेच एकच घड्याळ स्वतःला तपासू शकत नाही. त्याला त्याच्याहून चांगले असे दुसरे घड्याळ लागते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. घड्याळाची वेळ आणि घड्याळाची चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल, पण ते रोज बरोबर पाच मिनिटेच पुढे राहत असेल, तर त्याची वेळ चुकीची आणि चाल बरोबर आहे. दुसरे घड्याळ आज सकाळी अगदी बरोबर लावले, पण संध्याकाळी ते मागे पडले, तर त्याची चाल चुकीची आहे. वेळ एका क्षणात दुरुस्त करता येते. चाल समजायला मात्र वाट पाहावी लागते.

घड्याळाची चाल कोण ठरवतो? आजच्या बहुतेक घड्याळांत क्वार्ट्झ या खनिजाचा एक चिमुकला स्फटिक असतो. विजेचा हलका प्रवाह मिळाला, की तो थरथरू लागतो. मनगटी घड्याळातील स्फटिक एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येला वारंवारता म्हणतात. घड्याळातील यंत्रणा ही कंपने मोजते आणि ३२,७६८ पूर्ण झाली, की सेकंदकाटा एक घर पुढे सरकवते. ही संख्या निवडण्याचे कारण सोपे आहे. तिला लागोपाठ पंधरा वेळा दोनने भागले, की बरोबर एक उरतो.

हा स्फटिक कामाला चोख आहे, पण त्याला हवामान बाधते. साधारण २५ अंश सेल्सिअसला तो ठरल्याप्रमाणे चालतो. तापमान त्याहून वाढले किंवा उतरले, तर तो थोडा सुस्त होतो. मराठवाड्यातील मे महिना आपल्याला ठाऊकच आहे. पत्र्याच्या छपराखाली भिंतीवर टांगलेले घड्याळ ४५ अंशांपर्यंत तापले, तर त्याचा स्फटिक दहा लाखांत सुमारे चौदा कंपने कमी करतो. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो. पण दिवसाचे सेकंद ८६,४०० असतात. हिशेब केला तर ते घड्याळ रोज सुमारे सव्वा सेकंद मागे पडते.

घरच्या कामाला सव्वा सेकंदाचे काय मोल? काहीच नाही. पण सगळी कामे घरची नसतात. मोबाईलचे शेजारशेजारचे मनोरे एकाच वारंवारतेवर काम करतात, तेव्हा त्यांनी आपापल्या पाळीनेच बोलले पाहिजे. त्यांच्या वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढा मेळ असावा लागतो. तो नसेल, तर एका मनोऱ्याचा आवाज दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळतो. विजेच्या मोठ्या जाळ्यात शेकडो किलोमीटर दूर असलेल्या केंद्रांवरील मोजमापे एकाच क्षणाची असावी लागतात. अशा कामांसाठी स्फटिकाला कोणीतरी सतत तपासणारा हवा. हा तपासणारा आज आकाशात आहे.

जीपीएस हे नाव तुम्ही ऐकले असेल. रस्ता दाखवणारी व्यवस्था म्हणून आपण ती ओळखतो. प्रत्यक्षात ती घड्याळांची व्यवस्था आहे. अमेरिकेने उभारलेल्या या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ साली ती पूर्णपणे सुरू झाली. तिचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळे असतात. अणुघड्याळात स्फटिकाच्या जोडीला रुबिडियम किंवा सिझियम या मूलद्रव्याचे अणू असतात. एका जातीचे सगळे अणू सारखेच असतात. त्यांना झीज नाही आणि म्हातारपण नाही. म्हणूनच १९६७ साली जगाने सेकंदाची व्याख्या सिझियमच्या अणूवरून केली. या अणूशी निगडित अशा विशिष्ट लहरीची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद.

उपग्रह सतत सांगत असतो, 'आता इतके वाजले आणि मी येथे आहे.' त्याचा संदेश जमिनीवर पोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. आपल्या हातातील यंत्र चार उपग्रहांचे संदेश ऐकते आणि चार गोष्टी शोधून काढते. अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन आणि चौथी गोष्ट म्हणजे वेळ. प्रकाश एका सेकंदात जवळजवळ तीन लाख किलोमीटर जातो. म्हणून वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. वाट बरोबर दाखवायची, तर वेळ बरोबर ठेवलीच पाहिजे.

या घड्याळांची एक गंमत आहे. पृथ्वीपासून दूर गेल्यावर गुरुत्वाकर्षण कमी होते, त्यामुळे घड्याळ जलद चालते. वेगाने फिरल्यामुळे ते थोडे मंदही होते. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताप्रमाणे दोन्हींचा हिशेब केला, तर उपग्रहातील घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ३८ भाग पुढे जाते. यासाठी उपग्रह सोडण्यापूर्वीच त्याच्या घड्याळाची चाल तेवढी कमी करून ठेवतात. वर गेल्यावर ती आपोआप बरोबर होते.

आता प्रयोगाकडे वळू. जीपीएसचा संकेत घेणारे काड्यापेटीएवढे मोड्यूल आज काहीशे रुपयांत मिळते. ते गच्चीवर, मोकळ्या आकाशाखाली ठेवावे. पत्र्याच्या छपराखाली संकेत पोचत नाही. काही मिनिटांत त्याला उपग्रह सापडतात आणि अनेक मोड्यूलांवरचा छोटा दिवा दर सेकंदाला एकदा लुकलुकू लागतो. त्याच वेळी मोड्यूलच्या एका तारेतून दर सेकंदाला विजेचा एक ठोका बाहेर पडतो. पिशोरच्या गच्चीवरचा ठोका आणि दिल्लीच्या गच्चीवरचा ठोका एकाच क्षणी पडतो. खास वेळेसाठी बनवलेल्या मोड्यूलच्या ठोक्यात सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढीही चूक नसते.

समजा, आपल्याला एका स्फटिकाची चाल तपासायची आहे. त्याच्यावर लिहिले आहे, की तो सेकंदाला एक कोटी कंपने करतो. एक गणक घ्यायचा. मोड्यूलचा एक ठोका पडला, की कंपने मोजायला सुरुवात करायची आणि दुसरा ठोका पडला, की थांबायचे. गणकावर १,००,००,०२० हा आकडा आला. पुन्हा मोजले, तर १,००,००,०२१ आला. तिसऱ्यांदा १,००,००,०१९ आला. यांतला खरा कोणता?

एका सेकंदात हे कळणार नाही. कारण मोड्यूलचा ठोका किंचित अलीकडे-पलीकडे पडतो आणि गणकही एका कंपनाचा छोटा भाग मोजू शकत नाही. अशा वेळी काय करावे? तुमच्या पुस्तकातील एका पानाची जाडी पट्टीने मोजता येते का? येत नाही. पण शंभर पानांची जाडी मोजून शंभराने भागले, की एका पानाची जाडी कळते. येथेही तेच करायचे. एक सेकंद मोजण्याऐवजी एक हजार सेकंद मोजायचे. समजा, एकूण १०,००,००,२०,३०० कंपने झाली. हजाराने भागले, म्हणजे सेकंदाला २०.३ कंपने जास्त. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठोक्याची चूक पूर्वीएवढीच राहिली, पण ती आता हजार सेकंदांत वाटली गेली. पूर्ण दिवसभर मोजले, तर ती आणखी लहान होते. जितका धीर जास्त, तितकी अचूकता जास्त.

आता कळले, की हा स्फटिक एक कोटी कंपनांमागे सुमारे वीस कंपने जास्त करतो. त्यावर चालणारे घड्याळ रोज सेकंदाचा सुमारे सहावा भाग पुढे जाईल. रोग कळला, की औषध देता येते. ज्या स्फटिकाची चाल विजेच्या दाबाने थोडी कमी-जास्त करता येते, त्याला मोड्यूलच्या ठोक्यांवरून वळण लावतात. तो पुढे धावला, तर हळूच मागे ओढायचे. मागे राहिला, तर हळूच पुढे ढकलायचे.

यातला 'हळूच' हा शब्द महत्त्वाचा आहे. स्फटिक थोड्या वेळापुरता अतिशय स्थिर असतो, पण दिवसामागून दिवस जातात तसा तो भरकटतो. उपग्रहाचा ठोका याच्या अगदी उलट असतो. एकेक ठोका किंचित डळमळतो, पण महिनोन्‌महिने पाहिले, तरी त्याची सरासरी ढळत नाही. प्रत्येक ठोक्याला स्फटिकाचा कान पिळला, तर ठोक्याची डळमळ स्फटिकात उतरेल. मुळीच लक्ष दिले नाही, तर तो उन्हातान्हात भरकटेल. म्हणून शेकडो ठोक्यांची सरासरी पाहून मगच थोडासा बदल करतात. अशा जोडीतून जी वारंवारता मिळते, ती एकट्या स्फटिकापेक्षा आणि एकट्या ठोक्यापेक्षाही चांगली असते. एकाचा दोष दुसऱ्याच्या गुणाने झाकला जातो.

प्रयोग करताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गच्चीवरच्या अँटेनापासून खोलीपर्यंत वीस मीटर तार असेल, तर तिच्यातून यायला संकेताला थोडा उशीर होतो. हा उशीर सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढा असतो. वेळ पाहिजे असेल, तर तो वजा करावा लागतो. पण चालच तपासायची असेल, तर काळजी नको. प्रत्येक ठोक्याला सारखाच उशीर होतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधले अंतर बदलत नाही. वेळ आणि चाल यांतला फरक येथेही कामाला येतो.

हेच काम फार मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल, तर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जावे. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तिला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या १६ तीन दिशांना पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. या सगळ्यांनी मिळून एकाच मोठ्या डोळ्याप्रमाणे पाहायचे, तर सगळ्यांना एकच ठेका हवा. यासाठी केंद्रातील प्रमाण वारंवारता प्रकाशतंतूंतून अँटेनांपर्यंत पोचवली जाते. केंद्रात अणुघड्याळ असते आणि त्याचा मेळ जीपीएसच्या ठोक्याशी घातलेला असतो. गच्चीवरच्या प्रयोगात आणि खोडदच्या केंद्रात साधने वेगळी असली, तरी युक्ती एकच आहे.

ही दुर्बीण स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजते. हे तारे स्वतःभोवती गरगर फिरतात आणि ठरलेल्या वेळी त्यांचा झोत पृथ्वीकडे येतो. वर्षानुवर्षे हे ठोके मोजल्यावर जून २०२३ मध्ये भारत, जपान आणि युरोपातील शास्त्रज्ञांनी अतिशय मंद अशा गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचे सांगितले. त्या कामात खोडदच्या नोंदींचाही वाटा होता. घड्याळ चांगले नसते, तर ही चाहूल लागलीच नसती.

आता शेवटचा प्रश्न. आपण दुसऱ्या देशाच्या घड्याळावर किती अवलंबून राहावे? २ मे २००० पर्यंत अमेरिका जीपीएसच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या संकेतात मुद्दाम थोडी चूक मिसळत असे. तेव्हा अचूक संकेत देणे न देणे हे घड्याळाच्या मालकाच्या हाती होते. भारताने नाविक ही आपली उपग्रह व्यवस्था उभारायला घेतली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला. परंतु त्यातील परदेशी बनावटीची तिन्ही अणुघड्याळे पुढे बंद पडली. उपग्रह आकाशात होता, पण घड्याळ नसल्यामुळे त्याला वाट सांगता येईना. त्यानंतर आणखी काही उपग्रहांची घड्याळे बिघडली. शेवटी २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात भारतात बनवलेले रुबिडियमचे घड्याळ बसवले गेले. जमिनीवर भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते. ही वेळ देशात सगळीकडे सारखी पाळली जावी, म्हणून केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये वैधमापनाच्या कायद्याखाली नियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवला. ज्या कायद्याने किलोवर शिक्का मारला जातो, त्याच कायद्याच्या कक्षेत सेकंदालाही आणण्याचा हा विचार आहे.

बाजारातले वजन खोटे असले, तर गिऱ्हाइकाचे नुकसान होते. सेकंद खोटा असला, तर ते नुकसान डोळ्यांना दिसत नाही, पण ते सर्वांचेच असते. म्हणून कोणतेही मोजमाप स्वीकारण्यापूर्वी विचारावे, 'हे कशावरून तपासले?' आणि उत्तर मिळेपर्यंत घाई करू नये.

शब्दार्थ

वैधमापन - वजने व मापे कायद्याप्रमाणे तपासण्याचे काम
मुदत - ठरवून दिलेला काळ
चाल - येथे अर्थ, घड्याळ चालण्याचा वेग
वारंवारता - एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या
स्फटिक - ठरावीक आकाराचा खनिजाचा खडा
क्षुल्लक - अगदी किरकोळ
गणक - मोजणारे यंत्र
ठेका - ठरावीक अंतराने पडणारा ताल
स्पंदक तारा - ठरावीक वेळाने झोत पाठवणारा तारा
मसुदा - कच्चा लेख

वाक्प्रचार

वळण लावणे - चांगली सवय लावणे
कान पिळणे - चुकीबद्दल शिक्षा करणे
चाहूल लागणे - कोणीतरी किंवा काहीतरी येत असल्याचे जाणवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लोखंडी वजनावर सरकारी शिक्का कोठे असतो?
(आ) मनगटी घड्याळातील स्फटिक एका सेकंदात किती कंपने करतो?
(इ) जीपीएसचे यंत्र कोणत्या चार गोष्टी शोधते?
(ई) खोडदच्या दुर्बिणीला किती अँटेना आहेत?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घड्याळाची वेळ आणि घड्याळाची चाल यांत काय फरक आहे?
(आ) उपग्रह सोडण्यापूर्वी त्याच्या घड्याळाची चाल कमी का करतात?
(इ) एक सेकंदाऐवजी एक हजार सेकंद मोजल्याने काय फायदा होतो?
(ई) भारताला स्वतःचे अणुघड्याळ बनवावे असे का वाटले असेल?

३. कारणे द्या.
(अ) मे महिन्यात पत्र्याखालचे घड्याळ मागे पडते.
(आ) प्रत्येक ठोक्याला स्फटिकाची चाल बदलू नये.

४. हिशेब करा.
एक घड्याळ रोज १.२ सेकंद मागे पडते. मे महिन्याच्या ३१ दिवसांत ते किती सेकंद मागे पडेल?

५. खालील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. उर्दूत त्यांचा उच्चार कसा होतो, ते वर्गात सांगा व प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.
बाजार, तराजू, मुदत, हिशेब, फरक, जमीन, दुरुस्त

६. उर्दूतील 'घडी' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीतील 'घड्याळ' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. हे लक्षात ठेवून रिकाम्या जागा भरा.
(अ) माझे घड्याळ मागे ______ . (पडला, पडली, पडले)
(आ) ______ घड्याळ भिंतीवर आहे. (मोठा, मोठी, मोठे)

७. 'जितके - तितके' वापरून दोन वाक्ये तयार करा.
उदा. जितका धीर जास्त, तितकी अचूकता जास्त.

उपक्रम

घरातील एक घड्याळ निवडा. तीस दिवस, रोज एकाच वेळी, ते मोबाईलवरील वेळेपेक्षा किती सेकंद पुढे किंवा मागे आहे ते वहीत लिहा. मधे घड्याळ लावू नका. तिसाव्या दिवसाच्या फरकातून पहिल्या दिवसाचा फरक वजा करा आणि उत्तराला २९ ने भागा. घड्याळाची रोजची चाल मिळेल. हाच प्रयोग थंडीत आणि उन्हाळ्यात करून दोन्ही उत्तरांची तुलना करा.